कृत्रिम गुडघा: सिमेंटचा की बिनसिमेंटचा? वादामागचा इतिहास

कृत्रिम सांधा हाडात पक्का कसा बसवायचा, हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. बर्लिनचे सर्जन थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसवला. पकड यावी म्हणून त्यांनी प्लास्टर आणि राळ-प्युमिसचं मिश्रणही वापरून पाहिलं. सांधे क्षयाने पोखरलेले होते, त्यामुळे जंतुसंसर्गापुढे काही टिकलं नाही.

खरी वाट सापडली ती खुब्यात. दंतवैद्यकातलं अॅक्रिलिक हे प्लास्टिक सर्जन जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या सांध्यासाठी वापरलं. पूड आणि द्रव एकत्र केले की लगदा होतो, तो तापतो आणि दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखा घट्ट होतो. हेच हाडाचं सिमेंट, पण ते चिकटवत नाही. ते जाळीदार हाडाच्या छिद्रांत शिरून अडकून बसतं. १९६८ मध्ये सर्जन फ्रँक गन्स्टन यांनी ते गुडघ्यात आणलं आणि १९७४ च्या 'टोटल कॉन्डायलर' नावाच्या कृत्रिम गुडघ्याने त्याचा पाया पक्का केला.

मग १९८० च्या दशकात सिमेंटवरच ठपका आला. सांध्याभोवतीचं हाड झिजताना दिसलं आणि त्याला चक्क 'सिमेंटचा आजार' असं नाव पडलं. म्हणून सच्छिद्र धातूचे, हाडच आत वाढेल असे गुडघे आले. पण सिमेंटचा कणही नसलेल्या या सांध्यांभोवतीही हाड झिजू लागलं! मुख्य दोषी निघाला सांध्यातल्या पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या भागाचा झिजून होणारा चुरा: तो गिळणाऱ्या पेशींमुळे हाड विरघळत होतं. नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या प्लेटमधल्या स्क्रूच्या छिद्रांतून तो खोलवर पोचे. शिवाय प्लेट सुरुवातीला हलली, तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक वाढे. साधारण ५० मायक्रॉनपर्यंतची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हालचाल हाड सोसतं, १५० च्या पुढे नाही.

म्हणजे आधी सिमेंट नाहक बदनाम झालं, मग रचनेतल्या चुकांपायी बिनसिमेंटची कल्पनाच. त्या काळच्या अपयशावरून आजच्या सच्छिद्र टँटेलम धातूच्या किंवा थ्रीडी-प्रिंटेड टायटॅनियमच्या सांध्यांना नापास करणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही जगभरात सिमेंटचेच गुडघे जास्त बसतात. ठिसूळ हाडातही सिमेंट लगेच पकड देतं, शिवाय त्यात प्रतिजैविक मिसळता येतं. बिनसिमेंटचा आग्रह मुख्यतः तरुण, वजनदार रुग्णांसाठी आहे, कारण त्यांचा सांधा कितीतरी दशकं भार झेलणार असतो. सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत बिनसिमेंटची प्लेट पहिल्या काही महिन्यांत जास्त सरकते आणि मग बहुधा स्थिरावते. त्यामुळे सुरुवातीच्या सरकण्यावरून तिचा निकाल लावता येत नाही.