पन्नाशीत लस घ्यायची म्हटलं की पोटात गोळा का येतो, त्याची मागची गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंना नागीण झाली. पाठीपासून छातीपर्यंत एकाच बाजूला पट्टा, आणि फोड सुकून गेल्यावरही चार-पाच महिने ब्लाउजची कड लागली तरी त्यांना चटका बसायचा. नंतर मी शुगर दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "तुम्ही आता एक्कावन्नच्या ना, नागिणीची लस घेऊन टाका." मी हो म्हटलं आणि घरी येऊन दोन महिने काहीही केलं नाही. गंमत अशी की लहानपणी आईने मला कडेवर नेऊन ट्रिपल-पोलिओ देऊन आणलं, मुलांच्या वेळी मी स्वतः कार्ड घेऊन रांगेत उभी राहिले, पोरगं रडलं तरी हात घट्ट धरून ठेवला, तेव्हा साईड इफेक्ट हा शब्दसुद्धा डोक्यात आला नव्हता, आणि स्वतःच्या दंडाची वेळ आली तर रात्री बारापर्यंत मोबाईल चाळत बसले. म्हणून मग ठरवलं की ही भीती नेमकी कुठून कुठून गोळा झालीय ते आधी बघू.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईतच होते. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली, भारतातली ही पहिली यशस्वी लस. ती बाटलीतून आली नव्हती, बगदाद-बसऱ्याकडून दंडावरून दंडावर अशी येत येत पोचली, म्हणजे एकाला फोड आला की त्यातलं पाणी दुसऱ्याला टोचायचं, आणि ॲनाच्या फोडातून पुढे इतर मुलांना. आता विचार करा, कुणाच्या तरी अंगातलं पाणी आपल्या पोराच्या अंगात, यात सोवळंओवळं तर आलंच, पण दुसऱ्याचा रोगही येऊ शकतो ही शंकाही आली, आणि ती शंका चुकीची नव्हती, या पद्धतीत इतर आजार पसरल्याची उदाहरणं युरोपातही होती. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करायला लागले तेव्हा तो धोका कमी झाला. माझी आजी सांगायची की देवी काढणारा गावात आला की पोरं ज्वारीच्या रानात पळायची, आणि तिच्या दंडावर रुपयाएवढे दोन व्रण शेवटपर्यंत होते. १९७५ च्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, त्यामुळे ज्यांच्या दंडावर तो मोठा व्रण आहे ते आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढचेच, नंतरच्यांना फक्त बीसीजीचा.

पण देवीची लस मुख्यतः लेकरांची. मुंबईत कमावत्या, मोठ्या माणसांना "तू स्वतः ठरव, घेतोस का" असं घाऊक प्रमाणात पहिल्यांदा विचारलं गेलं ते प्लेगच्या वेळी, आणि मला वाटतं आपल्या भीतीचं खरं मूळ तिथे आहे.

सप्टेंबर १८९६ मधे मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वाल्डेमार हाफकिन हा जंतुशास्त्रज्ञ ऑक्टोबरात मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधे एक-दोन खोल्या मिळाल्या, आणि तीन महिन्यांत लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, १० सी.सी., म्हणजे चांगलाच दणदणीत डोस. ताप चढला, टोचलेली जागा ठणकायला लागली, आणि तरी हा बाबा कामाला जात राहिला, एकदोघांशिवाय कुणाला पत्ता नाही. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना दिली, आणि ज्यांनी घेतली त्यांच्यात प्लेग कमी झाला हे दिसलं.

तरी लोक घाबरलेच, आणि का घाबरू नये? लसीने एक-दोन दिवस सडकून ताप यायचा, हात उचलत नसे, गिरणीतल्या माणसाचा तेवढा खाडा म्हणजे तेवढी मजुरी गेली. त्यात त्याच ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला (हाच कायदा २०२० मधे पुन्हा बाहेर काढला, बरं का), पुण्यात सोल्जर घरात घुसून माणसं बाहेर काढायला लागले, जूनमधे प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमधे प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. अशा वातावरणात सरकारी माणूस सुई घेऊन आला की तो आजार थांबवायला आलाय की आणखी काही करायला, हे साध्या माणसाने कसं ओळखायचं?

आणि मग मुलकोवाल झालं. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं गाव, आता पाकिस्तानात. १०७ लोकांना प्लेगची लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे १९ एकाच बाटलीतले. हाफकिनला कामावरून दूर केलं, चौकशी वर्षानुवर्षं चालली, शेवटी निघालं असं की बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला. मलेरियाचा शोध लावणाऱ्या रोनाल्ड रॉससारख्या लोकांनी हाफकिनची बाजू लावून धरली, १९०७ मधे तो निर्दोष ठरला, १९२५ मधे परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नावही दिलं. पण १९ माणसं मेली ती मेलीच, आणि ती लसीच्या सुईनेच मेली हे खोटं नाही. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते, बाटलीचा नंबर लिहिलेला होता म्हणून तरी कळलं की दोष त्या एका बाटलीत आहे. नोंद नसती तर एक तर सगळी लस विषारी ठरली असती नाहीतर सगळं प्रकरण दडपलं गेलं असतं.

दुसरी भीती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. ही लस कसौलीत डेव्हिड सेम्पलने १९११ च्या सुमारास बसवली, मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून. मेंदूचा तो अंश शरीरात गेला की काही लोकांचं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटायचं आणि लकवा व्हायचा. अफवा नव्हती ती, डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. तरी देत होते, कारण एकदा रेबीज झाला की माणूस वाचत नाही, दुसऱ्या पारड्यात थेट मरणच आहे. पेशींवर वाढवलेली नवी लस जगात आली तरी आपल्याकडे मेंढीवाली २००४-०५ पर्यंत रेटली, हे मात्र मला अजिबात पटत नाही, पैसेवाले दंडावर पाच घ्यायचे आणि गरीब पोटात चौदा.

अमेरिकेत १९७६ ला फोर्ट डिक्सच्या छावणीत स्वाईन फ्लू निघाला, प्रेसिडेंट फोर्डने सगळ्या देशाला लस द्यायचं ठरवलं, साडेचार कोटी लोकांनी घेतली, साथ आलीच नाही, उलट लाखामागे साधारण एक जादा माणूस गीयान-बारेने, म्हणजे जीबीएसने (शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं आणि हातपाय लुळे पडतात तो आजार) आजारी पडला आणि डिसेंबरात मोहीम बंद. इथे पारडं उलटं झालं, आजार नाहीच तर लाखात एकसुद्धा जास्त. हा जीबीएस शब्द आपल्याकडे घराघरात पोचला जानेवारी २०२५ मधे, पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात साथ आली तेव्हा. तेव्हा पण "हे लसीमुळे" असे मेसेज मला चार ग्रुपवर आले. तपासात सापडलं दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर, पोट बिघडवणारा जंतू. जीबीएसला बहुतेकदा आधी झालेलं कुठलं तरी साधं इन्फेक्शनच कारणीभूत असतं.

आता २०२१. सरकारने १ मार्चला साठीवरचे आणि ४५ ते ५९ मधले आजारवाले घेतले, वीस आजारांची यादी होती, सर्टिफिकेट आणायचं, आणि १ एप्रिलपासून सरसकट पंचेचाळीसच्या वरचे. म्हणजे आमचं वय म्हणजे एकदम एक सरकारी कॅटेगरी झाली. नेमकं त्याच मार्चमधे डेन्मार्क, जर्मनीने ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली, म्हणजे आपली कोव्हिशिल्डच, कारण काही लोकांच्या रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी असा विचित्र प्रकार दिसला. ७ एप्रिलला युरोपच्या औषध संस्थेने मान्य केलं की हा अतिदुर्मिळ साईड इफेक्ट आहे.

मला त्या काळातली सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे केंब्रिजच्या लोकांनी केलेला एक साधा तक्ता. संसर्ग कमी असताना, एक लाख लोकांमागे, लसीमुळे आयसीयूच्या वाऱ्या किती वाचतील आणि लसीने गंभीर इजा किती होईल, वयानुसार. विशीतल्यांना वाचणार ०.८ आणि इजा १.१, म्हणजे तोट्याचा सौदा. चाळिशीत ५.७ वाचणार, ०.५ इजा. पन्नाशीत १०.५ वाचणार, ०.४ इजा. वय वाढतं तसा आजाराचा धोका वर जातो आणि या लसीचा खाली येतो. ब्रिटनने त्यावरूनच आधी तिशीच्या आतल्यांना आणि मग चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली. आणि हा तक्ता संसर्ग कमी असतानाचा, आपल्याकडे तेव्हा एकट्या महाराष्ट्रात रोज साठ हजारांवर केसेस निघत होत्या. भारतात १७ मे २०२१ ला लसीनंतरच्या घटना तपासणाऱ्या सरकारी समितीने सांगितलं की ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यात गुठळ्यांच्या २६, दहा लाख डोसमागे ०.६१. आपल्याकडे नोंदी किती होतात ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे हा आकडा मी थोडा हातचा राखून वाचते. जूनमधे लसीमुळेच झालेला पहिला मृत्यूही मान्य केला, ६८ वर्षांचे गृहस्थ, ८ मार्चला लस, तीव्र ॲलर्जी. लस घेतल्यावर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवतात ते याचसाठी.

मग २०२४ च्या एप्रिलमधे बातमी आली की ॲस्ट्राझेनेका कंपनीने गुठळ्यांचं कोर्टात "कबूल केलं". दोन दिवस फोन वाजायचा थांबेना. माझा दीर म्हणाला, "वहिनी, बघा, शेवटी निघालंच ना बाहेर!" अहो भाऊजी, ते तीन वर्षांपूर्वीच बाहेर होतं, छापील होतं, आपणच वाचलं नव्हतं. आणि ती गुठळी होते ती लसीनंतरच्या काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नाही.

पण त्यांना नुसतं हसून चालत नाही, कारण याच वयाची खरी गोची इथे आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पाच वर्षांच्या मुलाला सहसा हार्ट अटॅक येत नाही, त्यामुळे लसीनंतर काही झालं तर ते लगेच उठून दिसतं. पण पंचेचाळीस ते साठ या वयात बीपी, शुगर, अटॅक, पॅरालिसिस हे तसंही सुरूच झालेलं असतं, आणि त्याच वयाच्या कोट्यवधी लोकांना एकाच दोन महिन्यांत सुई टोचली तर कित्येकांच्या बाबतीत लस मंगळवारी आणि अटॅक शुक्रवारी असं होणारच. घरच्यांना ते कसं पटवणार? म्हणून कावळे न बसता किती फांद्या तुटतात तेही मोजावं लागतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तेच केलं, ४७ हॉस्पिटलं, १८ ते ४५ वयाचे अचानक गेलेले ७२९ जण, आणि तुलनेला २,९१६ जण. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत उलट कमी होता. धोका दिसला तो कोविडने ॲडमिट झालेले, घराण्यात असं कुणी अचानक गेलेलं, मरणाआधीच्या दोन दिवसांत बेदम दारू किंवा जबर व्यायाम यात. (माझं वय त्यात बसतच नाही, पंचेचाळीसलाच थांबले, हे मला खटकलं.)

आणि एक. कोविड लसींच्या १२ ट्रायलचा हिशोब २०२२ मधे मांडला त्यात नुसतं मिठाचं पाणी वगैरे टोचलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांना पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असं काहीतरी झालं. म्हणजे सगळं मनाचं नाही, पण काही भाग धास्तीचाही असतो.

तर नागीण. ही म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, नसांच्या मुळाशी झोपून राहिलेला, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं आपल्याकडे म्हणतात, ते खरं नाही, पण जाऊबाईंना हे सांगून काही उपयोग झाला नाही. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ मधे आली, पन्नाशीपासून पुढच्यांना. पन्नाशीवरच्या पंधरा हजारांवर लोकांच्या ट्रायलमधे ९७ टक्के परिणामकारक, हे भारीच आहे. पण तिथेच लिहिलंय की दर सहा जणांत एकाला इतकं अंग दुखणं, ताप वगैरे झालं की रोजचं काम अडलं, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत हे तीन टक्के. आणि मार्च २०२१ मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध संस्थेने, हिच्यावरही जीबीएसचा इशारा छापायला लावला, ६५ च्या वरच्या लोकांत दहा लाख डोसमागे सुमारे ३ जादा केसेस. १९७६ मधे लाखाला एक होतं. आणि किंमत विचाराल तर दोन डोसमधे चांगली पैठणी येईल, सरकारी दवाखान्यात मिळत नाही, त्यामुळे बरेच जण साईड इफेक्टच्या नावाखाली खरं तर पैशाचा विचार करत असतात, मीपण त्यातली.

शेवटी एका शनिवारी घेतली, मुद्दाम शनिवारी, रविवार पडून राहायला. अर्धा तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, रात्री हुडहुडी भरली, दुसऱ्या दिवशी भाजीची कढई उचलवेना, यांनीच वरण-भात लावला. सोमवारी ऑफिसला गेले. बाटलीचा बॅच नंबर मागून फाईलला लिहून घेतला तेव्हा सिस्टर जरा चमकल्या, म्हणाल्या, "कशाला हो मॅडम?" मुलकोवालची गोष्ट त्यांना कुठे सांगत बसू. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांच्या मधे घ्यायचा असतो, आता तिसरा महिना संपत आलाय, अजून फोन केलेला नाही.