ब्लॅकफेस: गोऱ्यांचं आणि काळ्यांचं

ब्लॅकफेस म्हणजे तोंडाला काजळी फासून काळ्या माणसाचं सोंग आणणं. अमेरिकन रंगमंचावर अशीच काजळी लावून उभा राहणारा काळा विनोदी नट बर्ट विल्यम्स, त्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: काळ्या माणसानेच तोंडाला काळं फासलंय, मग शिव्या फक्त गोऱ्यांनाच का? त्यावर कुणीतरी शहाणा म्हणतो, आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखंच की! मुळीच नाही. सोंगाड्या पाटलाची, सावकाराची फिरकी घेतो. मिन्स्ट्रेल शोमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या काजळी फासून केलेल्या नाचगाण्याच्या आणि विनोदाच्या खेळात, चेष्टा व्हायची ती गुलामाची, आणि हसायला समोर गोरे.

गोऱ्यांचं ब्लॅकफेस बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. १८३०च्या सुमारास थॉमस राइस या नटाने 'जिम क्रो' हे सोंग गाजवलं, १८४३ मध्ये न्यूयॉर्कात व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स या कंपनीने अशा सोंगांचा पूर्ण कार्यक्रम बसवला. जाळलेल्या बुचाची काजळी, मोठे रंगवलेले ओठ, बँजो, विचकलेले दात. मळ्यावरचे गुलाम बघा कसे मजेत नाचतात, हा त्यातला छुपा प्रचार. खेळ संपला की तोंड धुऊन नट पुन्हा गोरा.

घोळ होतो तो पुढे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर काळ्या कलाकारांच्याही मिन्स्ट्रेल कंपन्या निघाल्या आणि त्यांतले अनेकजण तीच काजळी लावू लागले. हौस म्हणून नव्हे. काळ्या नटाला रंगमंचाचं जे दार थोडंफार उघडं होतं ते हेच, आणि काळा माणूस कसा दिसतो, कसा हसतो हे प्रेक्षक तोवर गोऱ्या नटांकडून शिकून बसले होते. त्यांना तेच हवं होतं. विल्यम्स बहामातला, वर्णाने बऱ्यापैकी उजळ. तो आणि त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकर स्वतःची जाहिरात 'खरेखुरे' काळे म्हणून करायचे, कारण बाजार नकली काळ्यांनी भरला होता. पण त्या जोडीतल्या विल्यम्सला खरं दिसण्यासाठी काजळी लावावी लागली! गोऱ्या नटासाठी ती वेशभूषा होती. विल्यम्ससाठी ती नोकरीची अट होती. रसायन एकच असलं तरी हा फरक विसरला की माणूस दोन टोकं गाठतो: विल्यम्सला गद्दार म्हणतो, नाहीतर त्याच्या आडून गोऱ्यांना माफ करून टाकतो.

आपल्या मालिकांत उजळ नटीला सावळा मेकअप थापून 'सावळी नायिका' बनवतात, तेव्हा खऱ्या सावळ्या नटीचं काम जातं, हा प्रश्न मात्र कुणाला सुचत नाही. असो.

मला आणखी एक गोष्ट खटकते. विल्यम्सबद्दल लिहिताना सगळे डब्ल्यू. सी. फील्ड्स या गोऱ्या विनोदी नटाचं ते वाक्य काढतात, की इतका विनोदी आणि इतका दुःखी माणूस दुसरा पाहिला नाही. वाक्य सुंदर आहे, पण त्याने दुःख हा त्याचा स्वभाव ठरतो आणि कामाच्या अटी नजरेआड होतात. १९१० पासून तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर झीगफेल्ड फॉलीज या नाचगाण्याच्या बड्या कार्यक्रमात गोऱ्या नटांच्या बरोबरीने झळकला, तरी काजळी सुटली नाही. त्याची अदाकारी बघायची तर १९१६ च्या एका मूकपटात त्याचा पोकरचा मूकाभिनय आहे. कोठडीत एकटाच, हातात पत्ता नाही, समोर भिडू नाही. तो पत्ते पिसतो, वाटतो, आपला डाव उचलून चोरून बघतो, खुलतो, आणि हरतो. दात विचकणं जवळजवळ नाहीच. त्या काजळीखाली राहून त्याने सोंगालाच मंद केलं होतं.

केकवॉक हा नाच वेगळा, त्यावर फार थांबत नाही: गुलामांनी मालकांच्या ऐटबाज चालीची केलेली नक्कल. मिन्स्ट्रेलवाल्यांनी ती नंतर उचलली, म्हणजे गोरे नक्कल करत होते गोऱ्यांच्याच नकलेची.

आजच्या नृत्यात मिन्स्ट्रेलचं सोंग पुन्हा दिसतं तेव्हा घोळ दुप्पट होतो. डोनाल्ड बर्ड या काळ्या नृत्यदिग्दर्शकाने १९९१ मध्ये मिन्स्ट्रेल शोचाच साचा घेऊन नर्तकांना काळं फासलं आणि प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी विनोद मागवले. कॅमिल ए. ब्राउन या नृत्यदिग्दर्शिकेने २०१२ मध्ये 'मिस्टर टॉलरन्स' हे नृत्य केलं, त्यातही तेच हसू आणि तीच लगबग. फोटोवरून निकाल देणाऱ्यांना दोन्ही जुन्यासारखंच वाटतं. पण मिन्स्ट्रेल शोमध्ये हसण्यामागची मेहनत लपवायची असते. इथे तीच दाखवायची असते: हसू इतका वेळ ताणून धरलेलं की गाल दुखत असतील हे बघणाऱ्याला कळावं. बर्डच्या खेळात तर विनोद सांगायला बोलावल्यावर प्रेक्षकालाच ठरवावं लागतं की तोंड उघडायचं की नाही.