बॅटरची ताकद आणि नजर: आमचा अहवाल कसा वाचावा
(प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि पालकांसाठी माहितीपत्रक)

सांगली, मिरज, तासगाव, कराड आणि सातारा परिसरातल्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघांची स्कोअरशीट आणि व्हिडिओ तपासून आम्ही प्रत्येक बॅटरचा अहवाल तयार करतो. अहवाल हातात पडला की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: जास्त ॲव्हरेजवाला मुलगा खाली आणि कमी ॲव्हरेजवाला वर कसा?

ॲव्हरेज म्हणजे हिट (फटका मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (हिशेबात धरलेल्या पाळ्या). त्यात पहिल्या बेसपुरती हिट आणि होमरन एकाच भावाने जातात, आणि वॉक (बाहेरचे चार चेंडू सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) तर हिशेबातच धरत नाहीत. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या काढतो. चेंडू बॅटला लागला तर किती जोरात जातो, ही ताकद. कोणत्या चेंडूवर बॅट फिरवायची आणि कोणता सोडायचा, ही नजर.

एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. 'क' आणि 'ख' या दोघांना प्रत्येकी ६० पाळ्या मिळाल्या. 'क'चे ८ वॉक, एकदा चेंडू अंगाला लागला, एक सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन सोबत्याला धाव मिळवून देणारा उंच फटका). हे दहा वजा जाता ॲट-बॅट ५०. हिट १५: नऊ सिंगल, चार डबल, एक ट्रिपल, एक होमरन (अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार बेसच्या हिट). ॲव्हरेज ०.३००. 'ख'चे वॉक दोनच, म्हणून ॲट-बॅट ५८. हिट २०, त्यात १९ सिंगल आणि एक डबल. ॲव्हरेज ०.३४५. निवड समितीच्या कागदावर 'ख' पुढे.

आता बेस मोजा. 'क'चे एकूण बेस ९ + ८ + ३ + ४ = २४, म्हणजे स्लगिंग २४ भागिले ५०, ०.४८०. 'ख'चे २१ भागिले ५८, ०.३६२. स्लगिंगमधून ॲव्हरेज वजा केलं की उरते ती निव्वळ ताकद. इंग्रजीत तिला 'आयसोलेटेड पॉवर' म्हणतात. 'क'ची ०.१८०, 'ख'ची ०.०१७. ही वजाबाकी न करताही येते: डबलला १, ट्रिपलला २, होमरनला ३ गुण द्या, बेरीज करा आणि ॲट-बॅटने भागा. 'क'चे ४ + २ + ३ = ९, भागिले ५०. दोन्ही रीतींनी उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी बेरीज किंवा नोंद चुकली आहे.

बेसवर पोचण्याचं प्रमाणही 'क'चंच जास्त. हिट, वॉक आणि अंगाला लागलेले मिळून २४, भागिले ६०, म्हणजे ०.४००. 'ख'चं २२ भागिले ६०, ०.३६७. ॲव्हरेजमध्ये पंचेचाळीस पॉइंटांनी पुढे असलेला बॅटर बाकी दोन्हीकडे मागे आहे.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्येही हेच दिसतं. १९९४ मध्ये टोनी ग्विनचं ॲव्हरेज ०.३९४ होतं, त्या हंगामात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) फक्त १९. निव्वळ ताकद मात्र ०.१७४. २०१७ मध्ये जोई गॅलोचं ॲव्हरेज ०.२०९, पण ४१ होमरनमुळे निव्वळ ताकद ०.३२७. दोघेही संघाच्या कामाचे, पण कामं वेगळी. आणि दोन्ही गुण एकाच बॅटमध्ये पाहायचे असतील तर १९४१ चा टेड विल्यम्स: ॲव्हरेज ०.४०६, होमरन ३७ आणि स्ट्राइकआउट अवघे २७.

वॉकवरून नजर का ठरवत नाही

शालेय सामन्यांत वॉक हा पुष्कळदा पिचरचा दोष असतो. चौदा वर्षांखालच्या सामन्यात काहीही न करता उभं राहिलं तरी चार बॉल मिळून जातात. तोच मुलगा विभागीय स्पर्धेत चांगल्या पिचरसमोर उभा राहिला की वॉक आटतात आणि उघडा पडतो. मुद्दाम दिलेले वॉक तर बॅटरच्या नजरेबद्दल काहीच सांगत नाहीत. २००४ मध्ये बॅरी बॉन्ड्सला २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले होते. असे वॉक आम्ही वेगळ्या रकान्यात टाकतो.

त्यामुळे नजर मोजायची तर चेंडूगणिक नोंद लागते. प्रत्येक चेंडूसाठी तीन प्रश्न: झोनमध्ये (बॅटरसमोरच्या स्ट्राइकच्या चौकटीत) की बाहेर? बॅट फिरवली की सोडला? फिरवली तर लागला की हुकला? फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) हा 'लागला' यातच धरायचा.

'क'ला ६० पाळ्यांत २२८ चेंडू पडले, १०८ झोनमध्ये आणि १२० बाहेर. झोनमधल्या ७२ वर त्याने बॅट फिरवली (६६.७ टक्के), बाहेरच्या ३० वर (२५ टक्के). 'ख'ला पडले १६८ चेंडू, ७८ आत आणि ९० बाहेर. आतल्या ५८ वर फिरवली (७४.४ टक्के), बाहेरच्या ४२ वर (४६.७ टक्के). मेजर लीगचे बॅटर बाहेरच्या दर शंभर चेंडूंपैकी साधारण २८ ते ३० चेंडूंच्या मागे जातात. 'ख' जवळजवळ निम्म्या चेंडूंच्या मागे धावतो आहे.

खरी गोम पुढे आहे. बाहेरच्या त्या ४२ पैकी ३४ चेंडू 'ख'च्या बॅटला लागले. हात चांगला आहे म्हणून कौतुक होतं, पण पहिल्याच चेंडूवर बाहेरचा चेंडू लागणं हे हुकण्यापेक्षा महागात पडतं. हुकला तर एक स्ट्राइक जाते, पुढचा चेंडू हातात असतो. लागला तर बॅटच्या टोकावरून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मंद ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका), आणि पाळी संपली. त्याची ताकद ०.०१७ का आहे याचं उत्तर व्यायामशाळेत नसून इथे आहे. अशा मुलाला आधी जड बॅट किंवा डंबेल देऊ नका.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. "चेंडू सोड, सोड" असं सतत ओरडल्यावर मुलं मधोमध आलेला चेंडूही सोडतात. बाहेरचं प्रमाण खाली येतं, कागद छान दिसतो, पण झोनमधलं प्रमाणही पन्नास टक्क्यांखाली गेलेलं असतं. याला नजर म्हणत नाहीत, ही भीती आहे. म्हणून अहवालात हे दोन आकडे शेजारी शेजारी छापतो आणि दोन्हींतलं अंतरही देतो: 'क'चं सुमारे ४२, 'ख'चं सुमारे २८. अंतर वाढतंय का, ते पाहा.

झोन आखताना

होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३.२ सेंटीमीटर. पण चेंडूची नुसती कड झोनला शिवली तरी स्ट्राइक असते. बेसबॉलचा व्यास सुमारे ७.४ सेंटीमीटर धरला तर दोन्ही कडांच्या चेंडूंसह पट्टा सुमारे ५८ सेंटीमीटरचा होतो. बारा इंच घेराच्या सॉफ्टबॉलचा व्यास साधारण ९.७ सेंटीमीटर, म्हणून तिथे पट्टा ६२ च्या पुढे जातो. कडेवरच्या चेंडूंना 'बाहेर' लिहिण्याची चूक बहुतेक याच हिशेबामुळे होते. बेसबॉलमध्ये वरची हद्द खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मधोमध, खालची गुडघ्याच्या वाटीखाली. बॅटर फटक्याच्या तयारीत असताना मोजायची. पाचवीतल्या आणि बारावीतल्या मुलाला एकच चौकट लावली की लहान मुलाचा आकडा बिघडलाच. अंपायरचा निर्णय आणि व्हिडिओतली जागा आम्ही वेगवेगळी नोंदवतो. अंपायरने बाहेरच्या चेंडूला स्ट्राइक दिली म्हणून चेंडू सोडणाऱ्या मुलाचे गुण कापत नाही.

व्हिडिओ कसा काढाल

मोबाइल ट्रायपॉडवर, जाळीच्या मागे, प्लेटच्या बरोबर मध्यरेषेवर लावा. अर्धा मीटर जरी बाजूला सरकला तरी एका बाजूचे सगळे चेंडू आत आल्यासारखे दिसतात. जाळी फोकसमध्ये येऊ नये म्हणून लेन्स जाळीला टेकवा. सेकंदाला किमान ६० फ्रेम ठेवा. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३०.६ मीटर जातो. ३० फ्रेमवर दोन चित्रांच्या मध्ये तो एक मीटर पुढे निघून गेलेला असतो, मग प्लेटवर नेमका कुठून गेला ते कळणार कसं?

फटक्याचा वेग मोजायला २४० फ्रेमचा स्लो मोशन आणि टी (चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा) पुरे. टीसमोर एकमेकांपासून ३ मीटर अंतरावर दोन खांब किंवा चुन्याच्या खुणा करा, कॅमेरा बाजूने काटकोनात ठेवा. चेंडू पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती फ्रेममध्ये गेला ते मोजा. वेग = ३ × २४० × ३.६ भागिले फ्रेम. २४ फ्रेम आल्या तर ताशी १०८ किलोमीटर. मोजणीत एक फ्रेम चुकून २५ धरली तर १०३.७. म्हणून एका फटक्यावर विसंबू नका. दहा मारायला लावा आणि त्यातल्या सर्वांत वेगवान तीन फटक्यांची सरासरी घ्या. तिरका गेलेला फटका धरू नका, तो खऱ्यापेक्षा मंद मोजला जातो. मेजर लीगमध्ये ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या वरच्या फटक्याला 'हार्ड हिट' म्हणतात. शाळेच्या मुलाला ती पट्टी लावू नका. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा.

शीटमध्ये हमखास होणाऱ्या चुका

क्षेत्ररक्षकाने सहज घ्यायचा चेंडू सोडला तर ती हिट नाही, एरर आहे. आपल्या मुलाला हिट द्यावीशी वाटणं समजतं, पण अशा चार हिटांनी ॲव्हरेजचा आकडा निकामी होतो. सिंगल मारून, थ्रो दुसरीकडे गेला म्हणून मुलगा दुसऱ्या बेसवर पोचला, तर तो डबल नव्हे. तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तरी स्ट्राइकआउट आणि ॲट-बॅट दोन्ही लागतात. सॅक्रिफाइस बंट (सोबत्याला पुढे सरकवण्यासाठी चेंडू हळूच टेकवून स्वतः बाद होणं) ॲट-बॅटमध्ये धरू नये; हे सर्वांत जास्त विसरलं जातं.

मैदानाची नोंद अवश्य करा. आपल्याकडे आउटफिल्डला कुंपण क्वचितच असतं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर पावसाळ्यात चेंडू रुततो आणि डबलची सिंगल होते. तेच मैदान ऑक्टोबरमध्ये वाळून कडक झालं की साधा ग्राउंडर दोन फिल्डरांच्या मधून लांब पळतो आणि ट्रिपल लिहिला जातो. त्यामुळे चेंडू पहिल्यांदा कुठे पडला, ती खूण मैदानाच्या आकृतीवर करा. पळत गेलेल्या अंतरापेक्षा ती खूण ताकदीबद्दल जास्त खरं सांगते.

किती पाळ्या पुरेशा

मेजर लीगच्या आकड्यांवरच्या अभ्यासात स्ट्राइकआउटचं प्रमाण सुमारे ६० पाळ्यांत भरवशाचं होतं, वॉकचं सुमारे १२० मध्ये, निव्वळ ताकद सुमारे १६० ॲट-बॅटमध्ये. ॲव्हरेजला नऊशेच्या वर लागतात. तालुका ते विभाग खेळून शाळेच्या मुलाला तीस-चाळीस पाळ्या मिळतात. इतक्यावर ॲव्हरेज पाहून मुलाला संघाबाहेर काढणं हा अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. चाळीस पाळ्यांत चेंडू मात्र सव्वाशे-दीडशे पडतात. चेंडूगणिक नोंद एवढ्यासाठीच.

'ख'सारख्या बॅटरसाठी अहवालासोबत एक साधा सराव देतो. हेल्मेट घालून, बॅट न फिरवता, सरावातल्या पिचरसमोर २५ चेंडू उभं राहायचं. चेंडू अर्ध्या वाटेत असतानाच मोठ्याने "हो" किंवा "नाही" म्हणायचं. कॅचरने खरं काय ते सांगायचं, कुणीतरी लिहायचं. ताशी ११० च्या चेंडूला प्लेटपर्यंत यायला सुमारे ०.५५ सेकंद लागतात आणि त्यातला शेवटचा भाग बॅट फिरवण्यातच जातो, म्हणून उत्तर उशिरा आलं तर ते चूक धरायचं. आठवड्यातून तीनदा करा आणि कागद जपून ठेवा.

आमच्याकडे पाठवताना स्कोअरशीटच्या दोन्ही बाजूंचे फोटो, व्हिडिओची मूळ फाइल (व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या व्हिडिओचा दर्जा घसरतो, पेनड्राइव्ह बरा), प्रत्येक बॅटरचा जर्सी क्रमांक, उंची आणि तो डावखुरा आहे की उजवा, एवढं द्या. जर्सी क्रमांक सामन्यागणिक बदलत असतील तर तसं वर ठळक लिहा.