सावलीतला पंखा: लिकुआला पामची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंगल कार्यालयांच्या दाराशी गोल, चुणीदार पानांच्या पामची कुंडी आता कोणाला नवलाची वाटत नाही. रोपवाटिकेत तिला ‘लिकुआला’ म्हणतात आणि ‘फॅन पाम’ही म्हणतात, मात्र नुसता ‘फॅन पाम’ मागितला तर तीन निरनिराळी झाडे पुढे ठेवली जातात. हा घोळ इथल्या माळ्यांनी घातलेला नाही. तो जवळपास दीडशे वर्षांचा आहे आणि पान पाहून नाव ठेवण्याच्या सवयीतून आलेला आहे.

लिकुआला ही प्रजाती 1780 मध्ये बटाव्हियातून, म्हणजे आजच्या जकार्तातून, प्रसिद्ध झालेल्या लेखनात प्रथम नोंदवली गेली. नाव सुलावेसी बेटावरच्या मकासर भागातील बोलीतून घेतलेले आहे. प्रजातीत दीडशेहून अधिक जाती असून त्यांचा प्रदेश ईशान्य भारत आणि दक्षिण चीनपासून न्यू गिनी, क्वीन्सलँड आणि वानुआतूपर्यंत पसरलेला आहे. बहुतेक जाती पर्जन्यवनाच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत वाढतात. भारतात लिकुआला पेल्टाटा ही जाती ईशान्येत आणि अंदमानात रानटी आढळते. तिच्या पानांचा उपयोग पावसात डोके झाकण्यासाठी होत असे, म्हणजे आपल्याकडच्या इरल्याचेच काम. सह्याद्रीत लिकुआलाची एकही रानटी जाती नाही. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात वेत आहे, भेरली माड आहे, पण सावलीत राहणारा पंख्याच्या पानाचा पाम नाही. आपल्या ओळखीचे ताड आणि श्रीताड हे दोघेही उन्हात डोके काढणारे उंच वृक्ष आहेत.

कुंडीतला आपला पाम म्हणजे लिकुआला ग्रँडिस, मूळचा नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या वानुआतू आणि लगतच्या बेटांवरचा. 1870 च्या दशकात त्याची कोवळी रोपे युरोपातल्या काचघरांत पोहोचली तेव्हा त्यांना फूल आलेले नव्हते. पुढ्यात होते ते फक्त पान: जवळजवळ गोल, हातभर रुंद, अखंड, कडेला बारीक दाते असलेले. पॅसिफिक बेटांवरच्या प्रिटचार्डिया या प्रजातीचे पानही मोठे आणि पंख्यासारखे असते, तेवढ्या साम्यावर या रोपाला प्रिटचार्डिया ग्रँडिस हे नाव मिळाले आणि त्याच नावाने ते विकले गेले. 1880 च्या सुमारास ते लिकुआलात हलवण्यात आले. प्रिटचार्डियाच्या पाकळ्या फूल उमलताना टोपीसारख्या एकत्र गळून पडतात, लिकुआलाच्या तशा पडत नाहीत. पण हा फरक पाहायचा तर आधी फुलाची वाट पाहावी लागते, आणि रोपांच्या बाजाराला तेवढा धीर तेव्हाही नव्हता.

मुळात ‘पंखा’ हा शब्दच पामच्या बाबतीत फसवा आहे. आंब्याचे किंवा एरंडाचे पान ज्या आकाराचे असते त्या आकारातच ते वाढत जाते. पामचे तसे नाही. कोंबात असताना पामचे पान एकसंध आणि निऱ्या घातलेले असते. कोंब उलगडताना ते ठराविक रेषांवर उसवत जाते आणि त्यातून पट्ट्या किंवा पिसे तयार होतात. म्हणजे नारळाची झावळी कातरलेली नसते, उसवलेली असते. लिकुआला ग्रँडिसमध्ये हे उसवणे कडेच्या दात्यांपाशीच थांबते, म्हणून पान अखंड राहते. त्याच प्रजातीतल्या लिकुआला पेल्टाटाचे पान बहुधा देठापर्यंत उसवून पाचरीसारख्या तुकड्यांचे होते, आणि या पेल्टाटाचाच दक्षिण थायलंडकडचा एक प्रकार पुन्हा अखंड पानाचा असतो. एका जातीच्या पोटात जर दोन्ही तऱ्हा नांदत असतील, तर अखंड पानाला ओळखीची खूण मानणे कितपत योग्य, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच विचारायला हवा होता.

भरवशाची खूण त्या आकारात नाही, निरीत आहे. नारळाच्या किंवा सुपारीच्या पानाची एक पाती आडवी कापून टोकाकडून पाहिली तर ती घराच्या छपरासारखी, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली दिसते. ताड, शिंदी आणि लिकुआला यांची निरी उलट, पन्हळीसारखी वर उघडी असते. शिंदीचे पान पिसासारखे असूनही ती पंखेवाल्यांची भावकी ठरते ती इतर खुणांबरोबर या निरीमुळे.

इथेच भेरली माड येतो. चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात त्याला बिल्लो माड म्हणतात, कन्नडमध्ये बैने, आणि मांडवाच्या कमानीला त्याची झावळी बांधतात. माशाच्या शेपटीसारखी त्याची पाती मी खानापुरात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उतरवलेल्या कमानीतून काढून ब्लेडने कापून पाहिली आहे. सुकून वळलेली असतानाही तिची निरी पन्हळीसारखीच दिसत होती. तरीसुद्धा वर्गीकरणात भेरली माडाला बराच काळ सुपारी-नारळाच्या उपकुलात, म्हणजे पामकुळाच्या त्या शाखेत, बसवले होते, कारण त्याच्या फुलांची तीन-तीनच्या झुबक्यांतली मांडणी त्या बाजूची वाटत होती. डीएनएच्या अभ्यासांनी मात्र तो पंखापामांच्या बाजूचा असल्याचे दाखवले, आणि 2005 ते 2008 या काळात आलेल्या नव्या वर्गीकरणात त्याला ताड, शिंदी आणि लिकुआला यांच्या उपकुलात हलवण्यात आले. फुलांवर भर देणाऱ्यांना हा बदल रुचणे अवघड होते. माझ्या मते निरीचा पुरावा आधीपासून समोर होता, त्याला वजन उशिरा मिळाले. एवढे मात्र खरे की नावात माड असलेले हे आपल्या रानातले झाड नारळापेक्षा त्या कुंडीतल्या परदेशी पंख्याला अधिक जवळचे आहे.

2011 मध्ये लिकुआलाची हद्दही बदलली. व्हिएतनाम आणि दक्षिण चीनकडच्या काही जाती, ज्यांची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, लानोनिया या नव्या प्रजातीत गेल्या. त्याच वर्षी आपल्याकडे ‘टेबल पाम’ म्हणून विकला जाणारा पाम लिव्हिस्टोना या पंखापामांच्या प्रजातीतून काढून सारिबस या जुन्या, मोडीत निघालेल्या नावाखाली ठेवण्यात आला. रोपवाटिकांच्या पाट्यांवर यातले काहीच उतरलेले नाही, आणि ते उतरावे अशी अपेक्षाही नाही. अडचण येते ती निगा राखताना, कारण टेबल पाम आणि लिव्हिस्टोनातला ‘चायना पाम’ मोठे झाल्यावर ऊन सोसतात, लिकुआला ते सोसत नाही.

पर्जन्यवनाच्या तळाशी वरच्या प्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्का भाग पोहोचतो आणि वारा जवळजवळ नसतो. तिथे रुंद, न उसवलेले पान परवडते. निऱ्यांमुळे ते पन्हळी पत्र्यासारखे ताठ राहते आणि पातळ असूनही वाकत नाही. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. मार्च ते मे या महिन्यांत इथली हवा कोरडी असते, तेव्हा पानाची कड आधी तांबूस होते आणि मग चुरते. पावसाळ्यात दमटपणा भरपूर मिळतो, पण सोबत पश्चिमेचा वारा येतो. एका रोपवाटिकेत जुलैमध्ये एक गृहस्थ कुंडी परत घेऊन आले होते. पान देठापर्यंत चार जागी फाटले होते आणि आपल्याला दुसऱ्याच जातीचे रोप दिले गेले, अशी त्यांची तक्रार होती. फाटलेली प्रत्येक रेषा निरीच्या घडीवरूनच गेलेली होती.