लाईटच्या स्पीडपुढे का जाता येत नाही: थोडी पार्श्वभूमी

हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, साऊंड बॅरियर पण अशक्य वाटायचा, १९४७ ला पायलट चक येगरने विमान आवाजापेक्षा जोरात नेऊन तोडलाच ना, मग लाईटचा पण तुटेल कधीतरी. मला ही तुलनाच पटत नाही. बंदुकीची गोळी येगरच्या कितीतरी आधीपासून आवाजापेक्षा जोरात जात होती, प्रश्न फक्त विमान टिकेल का एवढाच होता. प्रकाशाचं प्रकरण वेगळंय आणि ते कळायला जरा मागे जावं लागतं.

१६७६ मधे पॅरिसला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब जाते तेव्हा गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं उशिरा दिसतात, म्हणजे प्रकाशाला पण यायला वेळ लागतो. पण तेव्हा तो नुसता एक मोठा आकडा होता. न्यूटनच्या नियमांत वेगाला लिमिटच नाही, ढकलत रहा, वेग वाढत राहील.

खरी अडचण मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञापासून सुरू झाली. त्याने १८६५ मधे वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांतून लहरींचा वेग काढला तर तो प्रकाशाचाच निघाला, पण हा वेग नेमका कोणाच्या सापेक्ष ते समीकरणांत कुठेच नव्हतं. मग ईथर नावाचं माध्यम सगळीकडे भरलंय असं मानलं, आणि १८८७ मधे क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मोर्ली यांनी त्यातून पृथ्वी जाते त्याचा प्रकाशाच्या वेगावरचा परिणाम शोधला तर अपेक्षेएवढा फरक सापडलाच नाही.

१९०५ ला बर्नच्या पेटंट ऑफिसात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या आईनस्टाईनने सरळ मान्य केलं की हा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो. त्याची किंमत म्हणजे ‘एकाच वेळी’ या शब्दाला सगळ्यांसाठी एकच अर्थ उरला नाही. लांब लांबच्या दोन घटनांपैकी आधी कुठली यावर दोन निरीक्षकांचं एकमत होईलच असं नाही. एका घटनेपासून दुसरीपर्यंत प्रकाश वेळेत पोचू शकत असेल तरच क्रम सगळ्यांना सारखा दिसतो. आता प्रकाशाच्या पुढे जाणारा सिग्नल आणा, कोणाच्या तरी घड्याळाने तो निघायच्या आधीच पोचलेला असतो, आणि समोरच्यानेही तसाच उलटा पाठवला तर प्रश्न विचारायच्या आधी उत्तर हातात! टोलमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९१७ मधे हेच दाखवलं. माझ्यामते सगळ्याचा गाभा इथे आहे, इंजिनाच्या ताकदीत नाही.

ताकदीचं पण तपासून झालंय. १९६४ मधे बर्टोझी या भौतिकशास्त्रज्ञाने १५ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत एनर्जी दिलेल्या इलेक्ट्रॉन्सचा वेग मोजला, न्यूटनच्या हिशोबाने तो प्रकाशाच्या साडेसात पट हवा होता, भरला प्रकाशाएवढाच.

वाटा शोधणारे थांबले नाहीत हे मला फार आवडतं. १९६२ मधे आपल्या भौतिकशास्त्रज्ञ सुदर्शन यांनी बिलानियुक आणि देशपांडे यांच्याबरोबर कायमच प्रकाशाच्या पुढे असणाऱ्या कणांची कल्पना मांडली, फाईनबर्गने १९६७ मधे त्यांना टॅकिऑन नाव दिलं, अजून एकही सापडलेला नाही. १९९४ मधे अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाच्या पुढे जायला अवकाशच वाकवायचं गणित दिलं पण त्याला निगेटिव्ह, म्हणजे शून्याहून कमी एनर्जी लागते.

आणि २०११, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून ७३० किमीवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले अशी बातमी! शंका लगेच आली कारण १९८७ च्या सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या स्फोटाचे) न्यूट्रिनो दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षं येऊन प्रकाशाच्या फक्त दोनतीन तास आधी दिसले होते, ते पण प्रकाशाला ताऱ्यातून बाहेर पडायलाच उशीर लागला म्हणून. ग्रान सासोचा आकडा खरा असता तर ते चारेक वर्षं आधी यायला हवे होते. २०१२ मधे कळलं, फायबर ऑप्टिक केबलचं एक कनेक्शन नीट बसलेलं नव्हतं.