इंजन बांधणे (विदर्भातील घरगुती ट्रकदुरुस्ती)

जुन्या मालवाहू ट्रकचे डिझेल इंजिन शहरातल्या वर्कशॉपमध्ये न नेता घरामागच्या सांदवाडीत, गोठ्याच्या छपराखाली किंवा वावरातल्या झाडाच्या सावलीत उतरवून खोलणे, झिजलेले भाग बदलणे आणि सगळी पॅकिंग (दोन भागांमध्ये बसणारे गळती रोखणारे पातळ थर) व ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीची तेल अडवणारी कडी) नव्याने बसवून ते पुन्हा जोडणे. विदर्भात या सगळ्या कामाला मिळून ‘इंजन बांधणे’ म्हणतात. रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह आणि वरची पॅकिंग एवढेच बदलले तर ते ‘हाफ इंजन’. क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) काढून बेरिंगांपर्यंत हात घातला तर ‘फुल इंजन’.

हे काम घरी होऊ शकते ते इंजिनांच्या जुन्या घडणीमुळे. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) जर्मनीच्या डायमलर-बेन्झच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली १९५५ मध्ये. या दोन घराण्यांची जुनी इंजिने बिडाच्या ठोकळ्याची, यांत्रिक डिझेल पंपाची आणि पान्याने पूर्ण उघडणारी आहेत. टाटाच्या ६९७ इंजिनाचे तर नावच त्याचे माप सांगते: ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२८ मिलिमीटर, म्हणजे एकूण ५,६७५ घन सेंटीमीटर. संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनांना अंगणातला मिस्त्री हात लावू शकत नाही. जुन्या इंजिनात मात्र बिघाड कानाला, नाकाला आणि बोटांना कळतो.

कामाचा हंगाम ठरलेला असतो. दसरा-दिवाळीपासून कापसाच्या फेऱ्या सुरू होतात, त्यामागून संत्र्याच्या. जिनिंग थंडावली की एप्रिल-मे मोकळा मिळतो आणि मृगाच्या आत इंजिन परत गाडीत बसावे लागते. या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी काळ्या मातीची धूळ उडते. म्हणून जोडणी पहाटे करावी आणि उघडे बोअर धुतलेल्या सुती कपड्याने झाकावेत. पोत्याने झाकू नये. त्याचे तंतू आत पडतात.

गळती कुठून आणि का. घरगुती दुरुस्तीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे तेल जिथून टपकते तिथले सील बदलून मोकळे होणे. सील ही बहुतेक वेळा फक्त तेल बाहेर पडण्याची जागा असते. कारण दुसरीकडे असते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढावे. आतून भकाभका धूर आला तर रिंगा झिजल्या आहेत आणि सिलिंडरमधला दाब खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतो आहे. तो दाब सर्वांत कमकुवत सील शोधून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला कितीही नवी सीले बसवली तरी महिन्याभरात ती पुन्हा गळतात. त्याच वेळी ब्रीदरही (हा दाब बाहेर सोडणारी नळी) काढून पाहावा. धूळ आणि तेल यांच्या चिखलाने तो बंद झालेला असला, तर नुसता डिझेलने धुतल्यावरही गळती थांबते. इंजिन उतरवण्याचा खर्च करण्याआधी हे अर्ध्या तासाचे काम करायलाच हवे.

मागच्या बाजूने, क्लचच्या घरातून तेल टपकत असेल तर ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे हे आधी ठरवावे. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनाचे तेल काळे आणि पातळ. डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवरचे) तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी आत शिरले आहे. मग हेड (सिलिंडरांवरचे जाड झाकण) खालची पॅकिंग, हेडची चीर किंवा लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) खालचे रबर यांपैकी काय गेले ते शोधावे लागते.

पाण्याच्या बाबतीत पश्चिम विदर्भाची अडचण वेगळी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. तिथले बोअरवेलचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की आतल्या वाटा क्षारांनी भरतात, हेडमधली पाण्याची भोके कुरतडली जातात आणि नवी हेड पॅकिंगही त्या खड्ड्यांवर नीट बसत नाही. कापूस वाहणाऱ्या गाड्यांत रुईचे तंतू रेडिएटरच्या जाळीत बाहेरून अडकतात, हवा थांबते आणि इंजिन उकळते. पॅकिंग बदलली पण जाळी साफ केली नाही आणि पाणी तेच भरले, तर पुढच्या हंगामात हेड पुन्हा उतरवावे लागते. साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी किंवा बाजारातले कूलंट वापरणे हा दुरुस्तीचाच भाग समजावा.

उतरवणे. सहा सिलिंडरचे इंजिन चार-पाच क्विंटल भरते. कापसाच्या तेवढ्याच वजनाची सवय असली तरी बिडाच्या ठोकळ्याचे वजन एकाच बिंदूवर लटकते. सागाच्या तीन जाड बल्ल्यांची घोडी करून त्याला चेन पुली लावावी. कडुलिंबाच्या फांदीला पुली बांधण्याची पद्धत गावोगावी दिसते, ती सोडून द्यावी. फांदी कधी मोडेल ते वरून कळत नाही. लटकत्या इंजिनाखाली कोणीही हात किंवा पाय घालू नये.

साफसफाई आणि पॅकिंग. पॅकिंग टिकते ती स्वच्छ आणि सपाट पृष्ठभागावर. जुनी चिकटलेली पॅकिंग खरवडताना ती तेलाने ओली ठेवावी, कारण जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. कोरडी घासणी किंवा हवेचा झोत तिथे वापरू नये. चेंबरच्या पत्र्याची कड बोल्टांच्या भोकांपाशी आवळून आवळून वर उचललेली असते. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोड्याने सपाट केल्याशिवाय नवी पॅकिंग घालणे फुकट. कॉर्कची पॅकिंग दुकानात पडून आकसली असेल तर रात्रभर पाण्यात भिजवल्यावर मापात येते. लहान झाकणांची पॅकिंग घरीच कापता येते: पॅकिंगचा कागद त्या भागावर धरून कडेवर गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकत गेले की कागद कडेबरोबर कापला जातो. भोकांवर बेरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका द्यावा.

सिलिकॉन जास्त लावण्याची सवय घातक आहे. आतल्या बाजूला दाबून निघालेला सिलिकॉनचा पापुद्रा सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकतो आणि बेरिंगांना तेल पोहोचत नाही. पातळ, अखंड रेघ पुरते. हेड पॅकिंगवर तर काहीच लावू नये.

पुढचे क्रँक सील बसवताना त्याचा ओठ तेलाच्या बाजूला हवा आणि त्याला आधी तेल चोळलेले हवे. जुन्या सीलने हबवर खाच पाडली असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. काही जुन्या इंजिनांत मागच्या बाजूला रबराऐवजी ग्राफाइट लावलेली दोरी असते. ती तेलात भिजवून गोल दांड्याने खाचेत पूर्ण दाबावी आणि टोके धारदार पात्याने, किंचित वर ठेवून कापावीत. सगळ्या कामात सर्वांत जास्त सबुरी मागणारी गोष्ट हीच, कारण चुकली तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

क्रँक ग्राइंडिंग, सिलिंडरचे बोअर करणे, हेडचे फेसिंग (तळ सपाट करणे) आणि डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन घरी होत नाही. हे भाग नागपूर, अकोला, अमरावती किंवा चंद्रपूरला पाठवावेत. पंपाच्या कॅलिब्रेशनवर लावलेले मोहोरीचे सील घरी तोडू नये.

जोडणी. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन-चार फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. बंद तळाच्या भोकांत तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दबून ठोकळा चिरतो. भोके आधी कोरडी करावीत. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) हातपंपाने डिझेलच्या नळ्यांतली हवा काढून, डिझेल बंद ठेवूनच स्टार्टर काही वेळा मारावा. तेलाच्या दाबाचा काटा उठला की मगच इंजिन चालू करावे.

निघालेले जळके तेल बंडीच्या आसाला वंगण म्हणून किंवा कुंपणाच्या खुंटांना वाळवीसाठी लावतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतण्याऐवजी कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाला द्यावे.

जुन्या प्रकारच्या हेड पॅकिंगचे बोल्ट इंजिन गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासून टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट नव्याने लावतात. पहिल्या आठवड्यात रोज रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग पडला असेल तर तो इंजिनाच्या कोणत्या भागाखाली आहे ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. दोरीचे सील बसायला काही तास चालवावे लागते, त्यामुळे मागच्या बाजूचा थेंब रोज लहान होत असेल तर इंजिनाला हात लावायची गरज नसते.