सिरीजमधले पॅक, दोन बीएमएस आणि मायनसचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

तपकीर गल्लीतून बीएमएस (प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा आणि गरज पडली तर पॅक तोडणारा) बोर्ड आणायचे, सोळा-सोळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचे ५१.२ व्होल्टचे दोन पॅक घरी बांधायचे, सिरीज करून १०२ करायचे आणि दोन्ही बोर्डांच्या डेटा वायरी एकाच कंट्रोलरला लावायच्या, हा उद्योग करणारे हल्ली पुण्यात भेटतात. इथेच घोळ होतो. वरच्या पॅकचा मायनस म्हणजे खालच्याचा प्लस. मीटरची काळी प्रोब अगदी तळाच्या मायनसला आणि लाल प्रोब वरच्या बोर्डाच्या 'ग्राउंड'ला (म्हणजे त्याच्या पॅकच्या मायनसला) लावून बघा, ५१ च्या आसपास दाखवेल. कंट्रोलरवर दोन्ही ग्राउंड एकत्र जोडले की खालचा अख्खा पॅक त्या केसाएवढ्या वायरीतून शॉर्ट, मग धूर.

लेड ॲसिडच्या जमान्यात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजला २ व्होल्टचे २४ सेल सिरीजमध्ये असायचे, माणूस हायड्रोमीटर घेऊन एकेक सेल बघत जायचा आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचा, झालं मॉनिटरिंग. भरलेला सेल जास्तीच्या चार्जिंगला नुसता गॅस सोडत बसतो आणि तेवढ्यात मागे पडलेला भरून घेतो. लिथियममध्ये ही माफी नाही. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बाजारात आणला, त्या जातीचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो, म्हणजे प्रत्येकावर वेगळी नजर आली. तरी लॅपटॉपमध्ये सिरीजला तीन-चारच सेल, एक चिप, एक मायनस, त्यामुळे निभावलं.

पॅक लांब झाले तसं गणित बिघडलं. सोपा जुगाड म्हणजे प्रत्येक टॅपवरून (दोन सेलमधल्या जोडावरून) रेझिस्टर डिव्हायडर, म्हणजे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज मोजण्याइतका खाली आणायचा, पण ६० व्होल्टच्या टॅपवर १ टक्का चूक म्हणजे ०.६ व्होल्ट, आणि आपल्याला तर काही मिलिव्होल्टचा फरक बघायचाय! शिवाय वरच्या सगळ्या डिव्हायडरचा करंट तळाच्या सेलमधून जातो, म्हणजे मोजणाराच पॅक अनबॅलन्स करतो. मग दर मॉड्यूलला वेगळा बोर्ड, त्याचा स्वतःचा मायनस, आणि डेटा ऑप्टोकपलर नावाच्या पार्टमधून, वायरीने न जोडता, प्रकाशाने पलीकडे, असं सुरू झालं. चालतं छान, पण खर्च आणि पसारा दोन्ही वाढतं. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६,८३१ सेल होते, ९९ टप्पे सिरीजमध्ये, आणि अकरा मॉड्यूलना प्रत्येकी एक मॉनिटर बोर्ड.

त्याच वर्षी लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीची एलटीसी ६८०२ ही सेल मोजणारी चिप आली, आणि मला विचाराल तर खरी गंमत इथे आहे. एका चिपला १२ सेल, आणि चिप थेट तळाशी बोलतच नाही, फक्त शेजारच्या खालच्या चिपला करंटच्या रूपात निरोप देते, ती तिच्या खालचीला. शेजाऱ्यांमधला फरक एका चिपच्या सेलइतकाच, म्हणून आयसोलेटर (ऑप्टोकपलरसारखा, दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून डेटा पलीकडे नेणारा पार्ट) लागत नाही. पण लोड चालू असताना दोन मॉड्यूलमधला जाड बसबार (जोडणारी धातूची पट्टी) सुटला तर सगळा व्होल्टेज त्या नाजूक डेटा लाइनवर येऊन बसतो. म्हणून नंतर आलेल्या एलटीसी ६८०४ मध्ये आयसोएसपीआय नावाची डेटा पाठवायची पद्धत आली: पिळलेल्या दोन वायरी आणि छोटा ट्रान्सफॉर्मर, कुणाचा मायनस कुठे याच्याशी देणंघेणंच नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये लोहगावला ई-स्कूटर पेटलेली आठवत असेल, तशा घटना देशभर झाल्या आणि ई-वाहनांच्या बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ चे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू. एआरएआय (वाहनं तपासणारी संस्था) टेकडीवर टेस्टिंगला जाणाऱ्या पॅकचं ठीक आहे हो, पण गल्लीतल्या स्वस्त बोर्डाचा यूएआरटी (डेटा वायरींचा पोर्ट) बऱ्याचदा सरळ त्याच्याच मायनसवर बसलेला असतो, त्याला दर बोर्डामागे एक डिजिटल आयसोलेटर लावा आणि त्याच्या पॅककडच्या बाजूची सप्लाय त्याच पॅकमधून घ्या.

मॉसफेटचं (बीएमएस ज्याने पॅक तोडतो त्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) मात्र आयसोलेटरने भागत नाही. दोनपैकी एक बीएमएस लोडवर कट झाला की त्याच्या मॉसफेटवर ५१ नाही, पूर्ण १०२ व्होल्ट येतात (फुल चार्जला ११६ च्या पुढे), आणि एकट्या ५१ च्या पॅकसाठी बनवलेल्या बोर्डावर साधारण ८० किंवा १०० व्होल्टचेच मॉसफेट असतात.